मागच्या रांगेचा उशीर

आमची आई उशिरा हसते, असं गावात सगळे म्हणायचे. हौशी मंडळींचं नाटक असो, भारूड असो नाहीतर शाळेचं गॅदरिंग, विनोद झाला की आधी पुढची माणसं हसायची, मग मधली. मग हसू बायकांपर्यंत पोचायचं, आणि सगळ्यांचं हसून संपत आलं की आई हसायची. आधी शेजारणीच्या तोंडाकडं बघायची, मगच. आमची चुलती तर तिच्या तोंडावर म्हणायची, "उद्या सकाळी हसंल बघा ही." मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. मला आईची लाज वाटायची. हे लिहिताना आजही बोचतं, पण वाटायची हे खरं आहे.

आईचे कान चांगले होते. शिरूरच्या डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलंही होतं. आमची माणसं मूळची मेंढरं राखणारी. आजोबांनी विहीर पाडली तेव्हा कुठं आम्ही एका जागी बसलो. आईला माळापलीकडून कोण हाळी देतंय, ते घरात सगळ्यांच्या आधी कळायचं. मग नाटकातच काय व्हायचं? तर बायकांची जागा सगळ्यांत मागं, देवळाच्या भिंतीला टेकून. आणि पुढं दोन्ही अंगांना बांबूवर बांधलेले आमच्याच आप्पांचे कर्णे.

आप्पा म्हणजे माझे वडील. शेती होतीच, पण त्यांचा जीव लाऊडस्पीकरच्या धंद्यात. तळेगाव ढमढेऱ्यापासून पार न्हावऱ्यापर्यंत लग्न, यात्रा, सभा काही असलं की आप्पांचे कर्णे जायचे. "आपला आवाज तीन गावात जातो" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जातही होता. आई एकदा चुलीपुढं बसून शांतपणे म्हणाली, "आवाज जातो, शबुद जात न्हाई." आप्पा जेवता जेवता थांबले. म्हणाले, "म्हंजी काय?" आई म्हणाली, "म्हंजी माळावर हाळी पोचती, बोलनं पोचत न्हाई, तसं."

आप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात सगळं सामान मांडलं, आईला लांब गोठ्यापाशी उभं केलं आणि माईकवर "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" सुरू केलं. "आलं का ऐकू?" आई तिथूनच म्हणाली, "वन टू थ्री तर बहिऱ्यालाबी कळंल. टूच्या म्होरं थ्रीच येतंय, न्हवं का? ठाऊक नसलंलं कायतरी बोला की."

आप्पांनी पुन्हा वन टू थ्रीच म्हटलं. मग आईनं मला माईकपाशी धाडलं आणि कानात सांगितलं, भाज्या म्हण, कशाही म्हण, उलट्यासुलट्या. तिची दर आठवड्याला तळेगावच्या बाजारात भाजीची पथारी असायची, मी तिच्याशेजारी बसून मोठी झालेली, मला भाज्यांना तोटा नव्हता. मी म्हणत गेले, शेपू, गवार, चवळी, घोसाळी, पडवळ, तांदळी, चुका, चाकवत. आई तिकडून ऐकू येईल ते ओरडून सांगायची. शेपूचं टेपू झालं. चुक्याचा मुका झाला. घोसाळी आणि पडवळ यांतला फरक तिला कळला, पण तांदळी नुसती "आंदई" अशी पोचली. त्यानंतर आप्पांनी कर्णे कधी बदलले नाहीत, पण टेस्टिंगला मात्र भाज्या सुरू झाल्या. कर्णेवाला माईकवर "शेपू, चवळी, चाकवत" म्हणतोय हे बघायला पोरं जमायची, आणि आप्पा चिडायचे.

मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि नव्वदीच्या मधल्या वर्षांत मुंबईत एका ऑफिसात लागले. नाट्यगृहांच्या आवाजाचं, पडद्याचं, प्रोजेक्टरचं नियोजन करणारं ऑफिस. स्पीकर कुठं टांगायचे, वायर कुठून न्यायची, पडदा किती उंच धरला की शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाला पुढच्याचं डोकं आड येणार नाही, हे सगळं आधी कागदावर काढायचं. मी ड्रॉइंग बोर्डाला चिकटलेली एकटी मुलगी. समुद्राकाठचं काम म्हणजे अर्धी लढाई हवेशी. जोडांवर हिरवा मळ धरायचा, स्क्रू गंजायचे, पडद्यावर बुरशीचे ठिपके यायचे. त्यामुळं प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात "खाऱ्या हवेसाठी" म्हणून दहा सूचना लिहिलेल्या असायच्या. त्या मला पाठ झाल्या होत्या.

तिथंच मला आईच्या हसण्याचं गणित कळलं. एका नाट्यगृहात बाल्कनीच्या खालच्या रांगांना आवाज पोचत नव्हता, म्हणून तिथल्या छताला छोटे स्पीकर बसवले होते. साहेबांनी मला शेवटच्या रांगेत उभं केलं. रंगमंचावर एक माणूस बोलत होता, पण त्याचा आवाज माझ्या डोक्यावरून आल्यासारखा वाटत होता, आणि मागाहून पुढच्या मोठ्या स्पीकरचा तोच शब्द पुन्हा येऊन सगळा लगदा होत होता. विजेला वायरीतून यायला वेळ लागत नाही, आवाजाला हवेतून यायला लागतो. वीसेक मीटरला सेकंदाचा सतरावा-अठरावा भाग. साहेबांनी एका काळ्या पेटीवरचा आकडा बदलला, मागच्या स्पीकरला तेवढाच उशीर दिला, आणि तो माणूस एकदम रंगमंचावरून, माझ्याशी बोलायला लागला. एकेक अक्षर स्वच्छ. मी तिथं अंधारात उभी होते. मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त. म्हणजे हे करता येत होतं. इतकी वर्षं माझ्या आईला येडी म्हणत होते ते सगळे, आणि त्यांच्यात मीही, आणि करता येत होतं.

दोन-तीन वर्षांनी ऑफिसात दौंडचं काम आलं. एका शिक्षणसंस्थेला सभागृह बांधायचं होतं. नाटकं, गॅदरिंग, व्हिडिओ दाखवायचा पडदा, सगळं एकात. साहेब म्हणाले, "तुमच्याकडचंच आहे, तुम्ही करा." मी खूश झाले. मग त्यांनी कपाटातून समुद्राकाठच्या एका नाट्यगृहाचा नकाशा काढून माझ्यापुढं टाकला. "खुर्च्या जवळपास तेवढ्याच आहेत. ट्रेस करा, नाव बदला, झालं."

मी एप्रिलात दौंडला जाऊन उभ्या भिंती बघून आले. सोबत हवेतला ओलावा मोजायचं छोटं यंत्र नेलं होतं. दुपारी दोन वाजता त्याचा काटा पार तळाला गेला. इथं एसी बसणार नव्हता, पंखे असणार होते. दारं उघडी राहणार होती. लागूनच रेल्वे, इंजिनांचे भोंगे दिवसभर. खाऱ्या हवेच्या दहा सूचनांतली एकही इथं कामाची नव्हती, इथं धूळ अडवणारी जाळी लागणार होती आणि लाइट गेल्यावर तग धरणारी बॅटरी. आणि एक गोष्ट आणखी. कोरडी हवा आवाजातली बारीक टोकं खाते. श, स, च, ही अक्षरं समुद्राकाठच्या दमट हवेत जितकी लांब जातात तितकी दौंडच्या उन्हाळ्यात जात नाहीत. फरक थोडा असतो, पण त्यावर पंखे आणि भोंगे चढले की शेपूचं टेपू व्हायला तेवढा पुरतो. शिवाय गॅदरिंगला आलेल्या बायकांना बसायला जागा कुठं, तर बाल्कनीखाली मागं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी नकाशात बाल्कनीखाली चार स्पीकर घातले. साहेबांनी लाल पेनानं काट मारली. म्हणाले, "अहो, तालुक्याचं गाव आहे. मागे बसणारे ऐकायला येत नाहीत, बघायला येतात." अगदी सहज म्हणाले, चहा ढवळत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "साहेब, माझी आई मागं बसते." ते गोंधळले, म्हणाले तसं नव्हतं म्हणायचं. मी त्यांच्यासमोरच रबरानं लाल काट खोडायला लागले. ती खोडली गेली नाही, कागद फाटला. नवीन कागद घेऊन अख्खा नकाशा पुन्हा काढला, चार स्पीकरसकट, आणि त्यात समुद्राचं नावही ठेवलं नाही. साहेब शेवटी म्हणाले, "समितीला पटवा मग तुम्हीच. मी येणार नाही."

मी एकटी गेले. समितीत सात-आठ जण, बहुतेक बागायतदार, आणि सचिव म्हणून एक निवृत्त गुरुजी. गुरुजींचं मराठीवर फार प्रेम. सभेचं इतिवृत्त स्वतःच्या हातानं लिहायचे, टपोऱ्या अक्षरात, एकही इंग्रजी शब्द खपवून घ्यायचे नाहीत. मी "डिले" म्हणाले तशी त्यांनी लेखणी उचलून धरली. "ताई, इथं मराठीत सांगा. सगळ्यांना कळलं पाहिजे." म्हटलं, बरोबर आहे की, मलाही तेच हवंय. मी सांगितलं, बाल्कनीखाली चार स्पीकर हवेत, नाहीतर मागच्यांना शब्द कळणार नाहीत. आणि ठासून सांगितलं, "मागचे स्पीकर पुढच्यांच्या बरोबर द्यायचे नाहीत. ते थोडे उशिरानं द्यायचे." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं विचारलं, "चालंल ना पर तसं?" मी म्हणाले, "तसंच चालतं. उशिरानं दिले तरच उपयोग." ठराव एकमतानं मंजूर. चहा झाला, मी इतिवृत्तावर सही केली आणि आनंदानं यष्टी धरली. घरी जाऊन आईला सांगितलंही, मागच्या रांगेचं काम केलं म्हणून. ती म्हणाली, "बघू."

शिमग्यानंतर मी पुन्हा दौंडला गेले. पुढचे मोठे स्पीकर टांगून झाले होते, पडदा लागला होता, बाल्कनीखालचं छत पांढरं शुभ्र रंगवून बंद केलेलं. स्पीकर नव्हते. स्पीकरची भोकं नव्हती. वायरही ओढलेली नव्हती. मी काम करणाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, ते नंतर द्यायचंय असं वरनं सांगितलंय. मी तरातरा गुरुजींकडं गेले. त्यांनी शांतपणे कपाट उघडलं, वही काढली, चष्मा लावला आणि वाचून दाखवलं. "मागील रांगांचे चार ध्वनिवर्धक पुढील ध्वनिवर्धकांबरोबर न देता उशिराने देण्यात यावेत. सदर सूचना तज्ज्ञ ताईंनी स्वतः मांडली." खाली माझी सही.

"तुम्हीच म्हणालात, उशिरानं दिले तरच उपयोग," गुरुजी म्हणाले. "आम्हाला जरा नवल वाटलं होतं. पण म्हटलं, तज्ज्ञ आहेत."

ध चा मा करायला कुणी दुसरं लागलंच नाही, मीच केला होता. मी बोलत होते सेकंदाच्या सतराव्या भागाविषयी, आणि त्यांनी ऐकलं पुढच्या दिवाळीला, नाहीतर त्याच्या पुढच्या. खरं सांगते, क्षणभर हसू आलं. मग ते पांढरं छत डोळ्यांपुढं आलं. एकदा सभागृह सुरू झालं, हार-तुरे झाले, की ते छत कोण फोडणार? "नंतर" म्हणजे कधीच नाही, हे आमच्या भागात लहान पोरालाही माहीत असतं. मी म्हणाले, "गुरुजी, छत उघडावं लागेल." ते म्हणाले, "ताई, उद्घाटन तीन आठवड्यांवर आलंय. पुढचे स्पीकर एवढे मोठे आहेत. मी स्वतः मागं बसून ऐकलं, खणखणीत येतो आवाज."

"काय ऐकलंत?"

"एक, दोन, तीन, चार," गुरुजी म्हणाले. तेही मराठीत.

मुंबईला साहेबांना फोन केला. ते म्हणाले, सही तुमची आहे, आता सोडून द्या, हात दाखवून अवलक्षण कशाला. मी म्हणाले, अवलक्षण तर झालंच आहे, आता हात पूर्ण दाखवते. फोन ठेवला तेव्हा मला माहीत होतं की नोकरी गेली तर गेली. मी समितीला एक चिठ्ठी दिली. येत्या रविवारी दुपारी अर्धा तास द्या, शेवटच्या रांगेत बसा, हातात कागद-पेन घ्या. ऐकू आलेलं बरोबर लिहिलंत, तर मी परत छताचं नाव काढणार नाही.

मग गावी गेले आणि आईला म्हणाले, चल. ती म्हणाली, "मी कशाला? मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणाले, तुझ्याइतकं कुणालाच कळत नाही, लुगडं बदल. आप्पा ओसरीवर बसले होते. म्हणाले, "घिऊन जा तिला. तिनं माझंबी नाक कापलंया एकदा." हसत म्हणाले. आम्ही जीपनं न्हावरं, चौफुला करत दौंडला पोचलो. वाटेत आई एकदाच बोलली. "लोकं हसत्याल का गं?" मी म्हणाले, हसू दे की, वेळेवर हसले म्हणजे झालं.

रविवारी दुपारी दोन. पंखे सुरू, दारं उघडी, बाहेर कुठलंसं इंजिन भोंगा देत होतं. समितीची सगळी माणसं शेवटच्या रांगेत बसली, गुडघ्यावर कागद ठेवून. गुरुजी मधोमध. मी आईला रंगमंचावर माईकपुढं उभं केलं. जिची जागा जन्मभर भिंतीपाशी, ती तिथं उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून. तिनं माईककडं बघितलं, मग लांब मागं बसलेल्या माणसांकडं. आणि तळेगावच्या बाजारात बसल्यासारखी शांतपणे बोलायला लागली. ओरडली नाही. मी तिला सांगितलं होतं, नाटकातली माणसं बोलतात तसं बोल. "शेपू. चवळी. घोसाळी. चुका. तांदळी. चाकवत. शेवगा. गवार. माठ. पाथरी." एकेक म्हणायची, थांबायची, पुढचं म्हणायची. अशा वीस.

मागं कुणाचं तरी हसू फुटलं, मग विरलं. पेनं अडखळायला लागली. एकजण शेजाऱ्याच्या कागदात डोकावला, तशी मी म्हणाले, "काका, कॉपी न्हाई करायची." दुसऱ्यानं कानामागं हात धरला. गुरुजी लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. मी त्यांच्याकडं बघत होते आणि माझ्या लक्षात एक आलं. ऐकू आलं नाही की ते आधी शेजारच्याच्या तोंडाकडं बघत होते. तशाच नजरेनं. ती नजर मी कुठंही ओळखली असती.

मी कागद गोळा केले आणि मोठ्यानं वाचले. कुणाच्या शेपूचं टेपू झालं होतं, कुणाच्या चुक्याचा मुका. एकानं चाकवतच्या जागी "आठवत" लिहिलं होतं. गवार आणि माठ सगळ्यांचे बरोबर, ते कुठूनही पोचतात. भाजी पिकवणारी, विकणारी माणसं ही, वीसच्या वीस भाज्या रोज बघणारी, आणि अर्ध्याच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. गुरुजींच्या सात आल्या होत्या. ते चष्मा पुसत, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं मला म्हणाले, "वय झालं ताई. मला बहुतेक कमी ऐकू यायला लागलंय."

इतका वेळ मी भांडायच्या तयारीनं उभी होते. तोंडाशी चार वाक्यं तयार होती, चांगली झोंबणारी. त्या वाक्यानं ती सगळी गेली. कारण आईही तेच म्हणायची, मला वाटतं गं कानच गेलेत माझे, असं, डॉक्टरांनी सांगितल्यावरसुद्धा. मी गुरुजींना म्हणाले, "तुमचे कान ठीक आहेत, गुरुजी. जागा वाईट आहे." आणि त्यांना हाताला धरून सातव्या रांगेत नेऊन बसवलं. आईला खूण केली. तिनं पुन्हा सुरुवात केली, आणि गुरुजी प्रत्येक भाजी तिच्या मागोमाग पुटपुटत गेले. शेपू. चवळी. घोसाळी. एकही चुकली नाही. दहाव्या भाजीला त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "पुरे."

छत उघडायचं ठरलं. पण गुरुजी वही मांडीवर घेऊन बसले ते उठेनात. जुना ठराव रद्द करून नवा लिहायचा, तर शब्द कोणता? उशीर तर लिहायचा नाही. विलंब लिहिला तर तेच. पुढं पळालेलं कोकरू मागच्या मेंढीसाठी थांबतं, अशी काय काय उदाहरणं मी देऊन पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी. आई रंगमंचाच्या पायऱ्यांवर बसून चहा पीत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी मागचा कर्णा आधी बोलाया लागतो, आन् म्होरल्याचा शबुद वाटंतच असतो. व्हय ना?"

मी म्हणाले, व्हय.

"मंग मागच्यानं दम धरायचा. एवढंच हाय की. तसं लिवा, गुरुजी."

गुरुजींनी तिच्याकडं बघितलं. मग लेखणी टेकवली आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं: "मागील चार ध्वनिवर्धक तत्काळ बसवण्यात यावेत. पुढील ध्वनिवर्धकांचा शब्द पोचेपर्यंत त्यांनी दम धरावा." या वेळी मी सही करायच्या आधी दोनदा वाचलं.

दोन आठवडे छत उघडं, सगळीकडं प्लास्टरचा धुरळा. समितीतल्या एकदोघांनी माझ्याकडं बघून तोंड वाकडं केलं, केलं तर केलं. साहेबांनी मुंबईहून काळी पेटी पाठवली, सोबत चिठ्ठी नाही. उद्घाटनाच्या चार दिवस आधी मी पेटीवरचे आकडे लावले, शेवटच्या रांगेतल्या प्रत्येक खुर्चीवर बसून. दर खुर्चीला रंगमंचावरून भाज्या म्हणायला कुणीतरी लागायचं. आता ते काम आप्पांनी मागून घेतलं होतं. चाळीस वर्षं कर्णे बांधणारा माणूस रंगमंचावर उभा राहून "चुका, चाकवत" म्हणत होता, मी हात वर केला की थांबत होता, आणि आपला आवाज असा शेजारी बसून बोलल्यासारखा मागं पोचतोय हे त्याला पटत नव्हतं. एकदा त्यांनी मला माईकवर उभं केलं आणि स्वतः मागं जाऊन बसले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "तुझी आय बरोबर व्हती." हे त्यांनी तिला कधी सांगितलं का, मला माहीत नाही.

उद्घाटनाला संस्थेनं आईसाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती, वर नाव लिहिलेला कागद चिकटवून. आई ती ओलांडून सरळ मागं गेली. गुरुजी म्हणाले, "अहो, तुमची जागा इथं आहे." ती म्हणाली, "माझी जागा तकडंच हाय, गुरुजी. ती कशी झालीया ते बघती." आणि बायकांत, बाल्कनीखाली, शेवटच्या रांगेत जाऊन बसली. शेजारी आमची तीच चुलती. मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले, पेटीपाशी.

हौशी मंडळींचं विनोदी नाटक होतं. बाहेर एप्रिलचं ऊन, आत पंख्यांचा घर्र आवाज. मी नाटक बघत नव्हते, आईच्या मानेकडं बघत होते. पहिला विनोद कधी येणार ते मला तालमीत बसून पाठ झालं होतं. तो आला. नायकानं शेवटचा शब्द टाकला, आणि मी श्वास रोखून थांबले, की आता ही मान वळेल, शेजारणीच्या तोंडाकडं जाईल.

मान वळली नाही. पुढच्या रांगा हसल्या त्याच क्षणी आई हसली, समोर बघत, मोकळ्या तोंडानं. चुलतीच तिच्याकडं बघत होती.